आक्काचं सोनं

सकाळी उठल्याबरोबर आक्का गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही हात बुडवून बसायची आणि स्वतःच्या बोटांना म्हणायची, "उठा गं बायांनो, कुणाचं तरी बाळ वाट बघतंय." ती बोटं वळेपर्यंत अंगणात ऊन आलेलं असे.

कॅसलरॉकला आमची घरं शेजारी-शेजारी. माझे यजमान स्टेशनात, तिचा मुलगा रानात लाकूडकामाला, आणि आक्का साऱ्या भागाची सुईण. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि तिकडची गाडी बंद होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आसपासच्या वाड्यांवर कुणाला कळा लागल्या की माणूस पळत तिच्याच दारात यायचा. पण तिचे हात तुम्ही पाहिले असते तर ही बाई बाळंतपणं करते हे तुम्हाला खरं वाटलं नसतं. दोन्हीकडचे सांधे सारखेच सुजलेले, मनगटं ऊन ऊन, बोटं करंगळीकडे कललेली.

संधिवातावर उपाय सांगणारे पुष्कळ. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक झाला, दिग्गीच्या वैद्याचं तेल झालं. घटकाभर बरं वाटे. सूज हलत नसे. मग कुणीतरी लोंढ्याहून गोळ्या आणून दिल्या आणि आठवड्यात आक्का भरली घागर उचलायला लागली! आम्ही बायका बघतच राहिलो. पण काही महिन्यांत तिचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला, आणि गोळ्या संपल्या तशी ती अंथरुणातून उठेना.

मी तिला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. त्या गोळीनं झटकन आराम पडतो, पण वर्षानुवर्षं घेतली तर हाडं ठिसूळ होतात. आणि ती एकदम तर कधीच थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची. दुसरा उपाय सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं. दर आठवड्याला यायचं, दर वेळी लघवी तपासायची. गुण यायला महिने लागतात; कुणाला येतही नाही.

"वाकडी बोटं सरळ व्हतील?" आक्कानं विचारलं.

"नाही. आहेत तेवढी वाचतील, कदाचित."

आक्का हातांकडे बघत राहिली. मग हसली. "अंगावर सोनं घालायचं जमलं न्हाई, डाक्टर. अंगात तरी जाऊ दे."

हिवाळा गेला, उन्हाळा आला, इंजेक्शनासाठी तिच्या बेळगावच्या फेऱ्या चालूच. सूज तशीच. शेजारणी म्हणत, "त्याच गोळ्या घे की पुन्हा." ती म्हणे, "मला आज नाचायचं न्हाई गं. लई वर्सं चालायचं हाय."

त्याच उन्हाळ्यात एका वाडीवरून बैलगाडी आली. पहिलटकरीण अडली होती. पाणी तापवायला, कपडे द्यायला मी आक्काबरोबर जात असे, तशीच गेले. तिथं तिनं एकदा आपली मूठ मिटून पाहिली. मिटली नाही. मग ती त्या पोरीच्या पाठीशी जाऊन बसली, तिला छातीशी टेकवून घेतलं आणि मला म्हणाली, "हात धू. आज तू धरायचंस."

"मला न्हाई जमायचं, आक्का."

"माझ्या हाताला पकड न्हाई. बाळ निसटलं तर? माझा मान मोठा व्हय, का बाळ?"

ती सांगत गेली, मी करत गेले. भर दुपारी बाळ रडलं. परतताना ती गाडीवानाला म्हणाली, "आजचं बाळंतपण हिनं केलं." असा ताठ आवाज मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

पावसाळा सरता सरता तिची सूज उतरू लागली. बोटं वाकडीच राहिली, पण मूठ मिटू लागली. नाळ ती पुन्हा स्वतः कापायची. तरी कुणी बोलवायला आलं की मलाही हाक मारायची. असं आम्ही दोघींनी पुढं कितीतरी वर्षं केलं.

आक्का गेली त्या दिवशी मी दिग्गीला एका बाळंतपणाला गेले होते. निरोप आला तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर सगळं आटोपलेलं. तिचा मुलगा पडवीत बसला होता. मला बघून उभा राहिला.

"बाळ-बाळंतीण बरी हायती न्हवं, मावशी?"

"हायती. पोरगी झाली."

त्यानं मान डोलावली, आणि मगच त्याला रडू फुटलं.