आधी प्रोब पुसा

मैलापाणी शुद्ध करायच्या त्या प्लँटवर छत्तीस माणसं कामाला होती आणि त्यातल्या पस्तीस जणांचा मीटरवर विश्वास होता. उरलेला एक म्हणजे आपला शंकासुर. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते असं चिकटलं की हजेरीच्या कारकुनालाही त्याचं खरं नाव बघायला रजिस्टर उघडावं लागे.

काम त्याचं इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटचं. पंपाची मोटर जळली, पॅनलमध्ये उंदराने वायर कुरतडली, टाकीची पातळी दाखवणारा मीटर वेड्यासारखा वरखाली नाचायला लागला, की हाक याला. पण सव्वीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा त्याने काय केलं असेल, तर ऑक्सिजनचा प्रोब पुसला. मैला खाणारे जंतू असतात ना, त्यांची एक मोठी टाकी असते. त्यांना जगवायला ब्लोअरने तळातून हवा सोडतात, आणि पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते सांगायला मनगटाएवढा जाड प्रोब दांड्याला बांधून पाण्यात सोडलेला असतो. चार दिवसांत त्याच्या टोकावर बुळबुळीत थर चढतो. थर चढला की आकडा खाली. मग कंट्रोल रूममधून बोंब, ऑक्सिजन पडला, जंतू मेले, ब्लोअर वाढवा. हा आपला सावकाश जिना चढून जायचा, दांडा वर ओढायचा, मऊ फडक्याने टोक पुसायचं आणि परत पाण्यात सोडायचा. आकडा जागेवर. आधी प्रोब पुसा, मग बोंबला, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

एकदा एका नव्या साहेबांनी त्याचं ऐकलं नाही. तो सुट्टीवर असताना आकडा पडला म्हणून दिवसभर तिन्ही ब्लोअर ताणले आणि एक मोटर जाळून बसले. दुसऱ्या दिवशी याने प्रोब वर काढला तर टोकाला केसांचा हा एवढा गुंता. तेव्हापासून प्लँटवर त्याचा शब्द शेवटचा झाला. मीटर खोटं बोलतं, हे तो सांगे आणि बाकीचे माना डोलावत. आणि तो नुसता तोंडाने सांगणारा नव्हता. प्रत्येक प्रोबचं कार्ड असे. पुसायच्या आधी किती, पुसल्यावर किती, वाजले किती, खाली सही. त्यात एका मिनिटाची गफलत सापडायची नाही.

घरी बायको. ती पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. सकाळी आठपासून सात-आठ पोरं आणि त्यांच्यावर मात करणारा हिचा आवाज. बाई अखंड बोलायची. पोरांशी, कुकरशी, दूरच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीशी फोनवर, आणि कुणीच नसलं तर नवऱ्याच्या पाठीशी. तो म्हणायचा, या मशीनला बंद करायचं बटणच दिलेलं नाही. ती म्हणायची, असतं तर तुम्ही आधी त्यावर संशय घेतला असता.

तिला ताप आला आणि पाळणाघर बंद ठेवावं लागलं. खोकला, अंगदुखी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दम लागला तर थांबू नका, एवढं बजावलं. मुलीच्या जिवाला घोर लागला. तिने बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं मशीन पार्सलने पाठवून दिलं आणि रोज दोनदा लावा म्हणून फोनवर वचन घेतलं. पार्सल आलं तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी. याची त्या दिवशी सुट्टी होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने ते चिमट्यासारखं मशीन तिच्या बोटाला लावलं. शहाऐंशी. पंचाण्णवच्या वर पाहिजे, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं. त्याला हसूच आलं. अहो, ऑक्सिजन कमी दाखवणारी यंत्रं तो सव्वीस वर्षं खेळवत आला होता. त्याने ते स्वतःच्या बोटाला लावलं, सत्त्याण्णव. म्हणजे मशीन ठीक, लावायच्या जागेत घोळ. त्याने तिचं बोट नीट पाहिलं, तर नखावर लालभडक नेलपेंट. पाळणाघरातल्या एका चिमुरडीने आजारपणाच्या आदल्या दिवशी तिची दहाही नखं आणि निम्मी बोटं रंगवून ठेवली होती. आता काय विचारता. याला चोर सापडला.

त्याने रिमूव्हर आणलं, कापूस घेतला आणि एकेक नख पुसत बसला. बायको उशीला टेकून बघत होती. माझ्या बोटालाही आता कार्ड लावा, एवढं म्हणाली आणि डोळे मिटले. त्याने खरंच लिहून ठेवलं, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे. नऊ चाळीस, पुसल्यावर अठ्ठ्याऐंशी. बघ, चढला की नाही, असं तो म्हणाला. पण दहा वाजता पुन्हा पंच्याऐंशी. मग त्याने तिचे गार हात गरम पाण्यात बुडवले. मग सेल बदलले. मग मधलं बोट, मग अंगठा, मग दुसरा हात. प्रत्येक वेळी वेळ आणि आकडा. मध्ये एकदा त्याने विचारलं, दम लागतोय का गं? ती म्हणाली, नाही हो, नुसता बोलायचा कंटाळा आलाय.

अरे माणसा! जिला आयुष्यात कधी बोलायचा कंटाळा आला नाही, ती बाई असं म्हणते, आणि तू सेल बदलतोस? पण आपण आता बोलून काय उपयोग. त्याला त्या वेळी एवढंच वाटलं, की पडून राहिली आहे तर बरंच आहे, विश्रांती होईल.

प्लँटवर अगदीच अडलं तर तो दुसरा मीटर आणून पहिल्याशेजारी लावून बघायचा. तेच त्याने ठरवलं. जवळचं औषधाचं दुकान बंद होतं, दुसऱ्याकडे मशीन संपलेलं, तिसरं पार बाजाराच्या टोकाला. उन्हातून घामाघूम होऊन तो परत आला तेव्हा एक वाजून गेला होता. ती तशीच पडलेली. ओठांचा रंग गेलेला. त्याने दोन्ही मशीनं तिच्या दोन बोटांना एकदम लावली. जुन्यावर अठ्ठ्याहत्तर. नव्यावर अठ्ठ्याहत्तर.

सव्वीस वर्षांत दोन मीटर असे एकमेकांशी तंतोतंत जुळलेले त्याने पाहिले नव्हते. त्याने तिला हाक मारली, तिने डोळे उघडले आणि ओळख नसल्यासारखं बघितलं. मग तो जिन्यात धावला, खालच्या शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. दवाखान्यात पोचायला अडीच वाजले.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. कधीपासून कमी आहे, असं त्यांनी विचारलं. त्याने खिशातून कॅलेंडरचं पान काढून दिलं. अकरा नोंदी होत्या, सुवाच्य अक्षरात. बाईंनी एकदा वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. सकाळी नऊला शहाऐंशी होतं? तो हो म्हणाला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पान फाइलला लावलं आणि आत गेल्या.

पुढचे दोन दिवस काचेपलीकडे ती आणि तिच्या डोक्याशी मशीनचा एक पडदा. पडद्यावरचे आकडे हिरवे, पिवळे, कधी लाल. लाल झाले की घंटी वाजे, नर्स धावे, आणि हा बाकावर हात मांडीत घेऊन बसलेला. जगातल्या कुठल्याही मशीनची घंटी वाजली की उठणारा माणूस, पण इथे उठून करणार काय? हे तरी खोटं असू दे, एवढंच तो मनात घोकत राहिला. त्या पडद्यावरचा एकही आकडा खोटा नव्हता.

मुलगी पहिल्याच रात्री येऊन पोचली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सांगायचं ते सांगितलं. मुलगी रडली. तो रडलाही नाही. कागदपत्रं होईपर्यंत बाहेर बसा, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दोघं बाकावर बसली. मुलीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. मग खाली मान घालून म्हणाली,

"बाबा, ते मशीन मी घाईघाईत मागवलं. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, काही बघितलं नाही. तेच चुकीचं दाखवत राहिलं ना? नाहीतर तुम्ही आईला एवढा वेळ घरी ठेवलंच नसतं. माझ्यामुळे झालं."

तो नुसता हो म्हणाला असता तरी भागलं असतं. मीटर खोटं होतं, हे शंकासुराच्या तोंडून निघालं असतं तर अख्ख्या प्लँटने मानलं असतं, तिनेही मानलं असतं. आणि जन्मभर स्वतःला दोष देत राहिली असती.

"मशीन बरोबर होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नऊ दहाला शहाऐंशी दाखवलं. बरोबर दाखवलं. दुपारपर्यंत बरोबरच दाखवत होतं, बाळा. मी मानलं नाही."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचा हात सोडला.