खळ न लावलेला पट्टा

तो पट्टा मी खळ न लावताच लिंबाजीदादाच्या हाती दिला होता. हे मी तो जिवंत असताना बोलायला हवं होतं. काही आठवड्यांपूर्वी नवीन जालन्यातल्या माझ्या चपलांच्या दुकानात हसनाबादचा एक ओळखीचा माणूस आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "सोपानराव, तुमचे दादा गेले." मी गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवत होतो. ती चढवली, दुसऱ्या पायातलीही चढवली, मगच उठलो.

लिंबाजीदादा माझा चुलतभाऊ. हसनाबादला आम्ही एकाच छपरात बसून कातडीकाम करायचो. दुष्काळात गावोगावची जनावरं मेली, तेव्हा आमच्याकडे कातड्यांचा ढीग लागला होता... त्या साली आम्हाला काम होतं, हे सांगायचीही लाज वाटायची. दादा कंबरेचे तांबडे पट्टे रंगवायचा. वरची बाजू सगळेच चमकवतात, पण दादाचा जीव आतल्या बाजूत. ती खरबरीत असते, रंग तिच्यात भुकटीसारखा बसतो आणि घाम लागला की कपड्यावर उतरतो. म्हणून चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ तिच्यावर चोळायची, काचेच्या बाटलीनं घोटायची, सावलीत वाळवून वर मेणाचा हात द्यायचा. शेवटी ओली पांढरी चिंधी घासायची. चिंधी पांढरी राहिली तरच पट्टा विकायचा. "वरून नवरदेव अन् आतून उघडा, असला माल आपल्याला न्हाई द्यायचा," तो म्हणायचा.

त्याच्या बालमित्राच्या मुलाचं, गौतमचं, लग्न ठरलं. गौतम मास्तर झाला होता. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत. त्यावर शोभेल म्हणून दादानं आहेराचा पट्टा स्वतः रंगवला, खळही शिजवून ठेवली आणि ती लावायचं माझ्यावर सोपवून तो परगावी गेला. त्या संध्याकाळी गावात तंबूतला सिनेमा आला होता. खळ लावायची तर ती वाळेपर्यंत थांबावं लागणार... मी नुसतं मेण चोळलं, बाटलीनं घोटलं. पट्टा चकाकला. दादानं परतल्यावर विचारलं, "झाली का रे खळ लावून?"

"बराबर लावली, दादा."

त्यानं चिंधी घेतली नाही. माझ्या शब्दावर पट्टा कागदात गुंडाळला.

मांडवात ऊन तापलं होतं. वंदना होऊन हार घालेपर्यंत गौतमच्या कंबरेभोवती तांबडे ओघळ उतरले. नवरीकडचा कुणीतरी म्हणाला, "मास्तर, पान खाऊन कंबरेवर थुंकले का काय?" मांडव हसला. गौतमनं दोन्ही हात पोटावर धरले, ते लग्न संपेपर्यंत सोडले नाहीत. त्याचे वडील हसले नाहीत. त्यांनी फक्त दादाकडे पाहिलं.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "सोपान्या, खरं सांग. खळ लावल्ती ना?"

"लावल्ती म्हणलं ना. तुझीच खळ बिघडली आसंल."

त्यानं ते खरं मानलं. त्या दिवसापासून त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. कधी खळ घट्ट केली, कधी डिंक घातला. पट्टे कडक होऊन तडकू लागले. चिंधी पांढरी राहिली तरी तो पुन्हा घासायचा, माल खुंटीवरून उतरवायचाच नाही. गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. बालमित्राच्या दारात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी हे सगळं शेजारी बसून पाहिलं आणि एक दिवस जालन्याला निघून आलो. कामासाठी आलो, असं सांगितलं. तो आजारी पडला तेव्हा भेटायला गेलो होतो. खोकता खोकता म्हणाला, "खळीचं काही कळलं न्हाई बघ..." मी त्याला पाणी दिलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा हसनाबादला गेलो. वहिनी त्या छपरातच बसल्या होत्या. दादाच्या जागेवर चिंधी तशीच खिळ्याला, खुंटीवर त्याचा शेवटचा पट्टा. वहिनी म्हणाल्या, "हा पण द्यायला तयार नव्हते. रंग उतरंल म्हणत राह्यले." मी चिंधी ओली केली, पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जोर लावून घासली. पुन्हा घासली. मग ती वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पाहिली. रंगाचा ठिपकाही नव्हता.

"वहिनी, दादाची खळ कधीच बिघडली नव्हती. गौतमच्या पट्ट्याला मी ती लावलीच नव्हती. दादाला खोटं सांगितलं. मला माफ करा."