सातने भाग जात होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – मलाही नीट कळत नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी साखळीजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचो. दहावीत पाळी गावची सुनंदा होती. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा मी वर्गाला कोडं घातलं – शून्य ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून दहा अंकी संख्या करा. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनने भाग जावा, पहिल्या तिनांच्या तीनने, असं थेट दहापर्यंत. खरं सांगू? उत्तर मलाही माहीत नव्हतं. पोरं गुंतून राहतील, एवढाच विचार.

सुनंदा आठवड्याने आकडा घेऊन आली. ३८१६५४७२९०. असा दुसरा नाहीच, म्हणाली.

मला ते – काय म्हणू – टोचलं. जे मी करून पाहिलं नाही, ते हिला सुटावं? सातापाशी घसरणार, अशी माझी खात्री. पहिले सात अंक फळ्यावर लिहिले, भाग दिला. तीन उरले. वर्ग हसला. मीही हसलो.

“सर, सातान भाग जाता,” ती हळूच म्हणाली. “हांवें परत परत करून पळयलां.”

“पाहिलं असशील. बस खाली,” मी म्हणालो.

तास संपला, पोरं गेली. फळा पुसताना दिसलं – सहा आणि पाच मी उलटे लिहिले होते. नीट लिहून पुन्हा भाग दिला. बाकी शून्य. पुढचे आठ, नऊ, दहाही चपखल. मी फळा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं ना? रोज वाटायचं, उद्या. पण तेही एक वेळ चाललं असतं. पुढचं नाही.

निकालानंतर तिचे वडील माझ्या घरी आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

“सर, तिका सायन्स घेवंक जाय. म्हणटा, तिचो आंकडो बरोबर आशिल्लो. खरें?”

तिला सायन्स हवं होतं; माझ्या एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, “नाही. पोरगी कष्टाळू आहे, पण गणिताचं डोकं नाही तिला.”

का म्हणालो? हो म्हटलं असतं तर चुकलो मी, हे गावाला कळलं असतं. बस्स, एवढ्यासाठी. त्यांनी मान डोलावली. सायन्स राहिलं. पुढे लग्न होऊन ती मांद्रेला गेली.

मागच्या वर्षी तिथं भेटली. पर्यटकांना खोल्या देते. मला ओळखून पाया पडली, खुर्ची दिली, नवऱ्याला कौतुकानं म्हणाली, “हे आमचे गणिताचे सर.”

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. आणि विचारलं – यंदा गिऱ्हाईक कसं आहे?

“बरें आसा, सर,” ती म्हणाली.

मी चहा संपवला आणि बस गाठायला निघालो.