आप्पांचं उठणं

उंब्रजच्या चहाच्या टपरीवर एक चित्रकार रोज भेटायचा. जपानी कार्टूनची चित्रं तो घरबसल्या काढून इंटरनेटवरून जपानला पाठवायचा. माणूस बसलेला आणि माणूस उभा, अशी दोन चित्रं तिकडून यायची. मधली सगळी हालचाल हा भरायचा. त्यामुळं कुणी चहा पिऊन उठलं, की हा ओरडायचा, "थांब रं गड्या, परत ऊठ!" वैताग यायचा.

माझ्या वडिलांना मात्र तो विनवायचा. "आवं आप्पा, परत एकदा उठता का?" आप्पा डावा हात गुडघ्यावर दाबून, आधी मान वर काढून, कण्हत उठायचे. हा चित्रं काढत राहायचा.

पुढं आप्पा वारले. नंतर याचं कामही गेलं. मधली चित्रं आता कॉम्प्युटरच भरतो. टपरीवर तो अजून येतो, पण कोण कसं उठतंय ते बघत नाही.

परवा त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. नव्या कार्टूनमधला एक जपानी म्हातारा उठत होता. डावा हात गुडघ्यावर, आधी मान वर. आमचे आप्पाच.

"तू काढलंस?"

"न्हाई. माझ्या जुन्या चित्रांवरनं मशीन शिकलंय." त्यानं मोबाईल पालथा ठेवला. "मी आप्पास्नी निदान इचारून तरी उठवत हुतो."