दोन्ही वाटांना तीच भाकरी

विशाखाला सहा वर्षांच्या खंडानंतर नोकरी मिळाली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाही पटलं तर आपला रस्ता आपल्याला. कंपनी लहान होती. स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर तिथं बनत: गेटवरची हजेरी, कामगारांच्या बसच्या फेऱ्या, कँटीनची टोकनं. टीमच्या प्रमुख मंजुषा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुमच्या वयाच्या बाईला का घेतलं, असं मला वरून दोनदा विचारून झालंय. तिसऱ्यांदा उत्तर द्यायला लावू नका."

विशाखाचं वय सदतीस. मंजुषा मॅडमचं एकोणचाळीस.

तिला काम दिलं होतं एकच. कंपनीकडे एक लिंटर होता, म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड वाचून त्यातल्या खोडी दाखवणारा प्रोग्राम. त्यात तिनं नवा नियम घालायचा होता: बिनकामाचा इफ पकडायचा. कोडमध्ये जागोजागी 'असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर' असं लिहिलेलं असतं. दहा वर्षं दहा हात फिरले की काही ठिकाणी 'हे' आणि 'ते' एकच होऊन बसतं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन वाटा आहेत. असते एकच. विशाखाचा नियम अशी जागा शोधायचा, आणि एक बटण दाबलं की तो इफ स्वतःच काढून टाकून खाली एकच ओळ ठेवायचा. हे आपोआप काढणं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या डोक्यानं केलं होतं, तीन आठवडे खपून, आणि तिला त्याचाच जास्त अभिमान होता.

अभय तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पण कंपनीत जुना, म्हणून ती त्याला सर म्हणे आणि तो तिला ताई म्हणे. त्यानं एकदा विचारलं, "विशाखाताई, असा येड्यासारखा इफ लिहितं तरी कोण?"

"माझ्या सासूबाई," विशाखा म्हणाली. "रोज साडेअकराला फोन करतात, दुपारी जेवायला येणार का म्हणून. येणार म्हटलं तर चार भाकरी. नाही म्हटलं तरी चार भाकरी."

"आणि तुम्ही जाता?"

"अडीच महिन्यांत एकदाही नाही."

सगळे हसले. त्या दिवसापासून ऑफिसात त्या नियमाला सासूबाईंचा नियम म्हणायला लागले.

सासूबाई म्हणजे गोजरबाई. विशाखाची नोकरी सुरू झाली तेव्हा त्या देवगाव रंगारीहून बजाजनगरच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या, नातीला, चौथीतल्या रूपालीला सांभाळायला. मुलगा इंद्रजीत वाळूजला शिफ्टमध्ये. दिवसभर घरात बाई एकटी. दुपारच्या भाकरी रात्री विशाखाच्याच ताटात येत, कडक झालेल्या, आणि गोजरबाई ताज्या भाकरीकडे तिचा हात जाऊ देत नसत. "आधी त्या संपव. तुह्याच वाट्याच्या हायेत."

अशाच एका रात्री विशाखाच्या तोंडून निघून गेलं. "आत्या, तुम्ही रोज फोन करता. मी हो म्हटलं तरी तेवढ्याच भाकरी, नाही म्हटलं तरी तेवढ्याच. मग विचारता कशाला? मीटिंगमध्ये फोन वाजतो, सगळे बघतात."

गोजरबाईंनी तवा उतरवला. "व्हय बाई. मंग नाय करत."

एवढंच. इंद्रजीतनं ताटातून मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला नाही. विशाखाला बरं वाटलं. भाकरी रात्री होत्याच, चार.

बोलीचा शेवटचा आठवडा आला. बुधवारी नियम कंपनीच्या सगळ्या कोडवर चालवला. अडतीस जागा सापडल्या. मंजुषा मॅडमनी स्वतः बटण दाबलं, अडतीसही इफ गेले, टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. "शुक्रवारी हा साफ केलेला कोड अकरा कारखान्यांत जाईल," त्या म्हणाल्या. "आणि शुक्रवारीच तुमचं पत्र." विशाखानं घरी जाताना गुलमंडीवरून इम्रती घेतली, पण कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही. पत्र हातात येऊ दे, मग.

गुरुवारी बाराच्या सुमाराला रूपालीच्या व्हॅनवाल्याचा फोन आला. शाळेत पाणी आलं नाही म्हणून पोरांना लवकर सोडलंय, तो पोरगी घेऊन दारात उभा होता आणि दाराला आतून कडी. विशाखानं गोजरबाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. इंद्रजीत मशीनवर, त्याचा फोन लॉकरमध्ये. मग तिनं शेजारच्या आवडाबाईंना लावला.

"जय भीम, बोला सूनबाई."

"काकू, आमच्या दारात जरा बघता का? आत्या फोन उचलत नाहीत."

फोन चालूच ठेवून आवडाबाई गेल्या. विशाखाला चपलांचा आवाज ऐकू आला, मग दार बडवल्याचा, आणखी एकदा बडवल्याचा. तेवढ्या वेळात तिनं टेबलावरची पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली, कितीतरी वेळा. मग कडी वाजली.

"हाय की इथं," आवडाबाई ओरडल्या. "मोरीत धुणं धुवायली. लेकरू आलंय व्हय म्हनते. काय बाई घोर लावला सुनेला! घ्या, बोला."

"आत्या, फोन कशाला बंद ठेवला?"

"बंद कुठं ठेवला? मेलाय त्यो. तीन-चार दिस झाले."

"चार्जिंगला नाही लावला?"

"कामून लावू? तुला फोन करायचा म्हनून सकाळी उठून लावत व्हते मी त्याला. तूच नको म्हनली. मंग कुनासाठी लाईट जाळू?"

"अहो, पण माझा फोन आला तर?"

"तू कधी करती?"

मागून आवडाबाई हसत होत्या, आणि रूपाली आजीला भूक लागल्याचं सांगत होती. "ठेव आता," गोजरबाई म्हणाल्या, "पोरीला वाढायचंय."

विशाखा जागेवर बसली. समोर पडद्यावर अडतीस जागांची यादी उघडी होती. त्या यादीकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आपण दोन्हीकडच्या भाकरी मोजल्या, पण विचारण्यानं काय काय होत होतं ते पाहिलंच नाही. घरातही नाही आणि इथंही नाही. इफमध्ये नुसती तपासणी असेल तर तो काढला म्हणून काही बिघडत नाही. पण इफमध्ये जो प्रश्न विचारलाय, तो विचारण्यातच काही काम होत असेल तर? नियमानं इफबरोबर तो प्रश्नही उडवला होता.

तिनं अडतीस जागा एकेक करून हातानं तपासल्या. तासाभरात नऊ निघाल्या. पहिलीच कँटीनच्या टोकनची होती: छापायचं मशीन तयार आहे का? असेल तर छाप, नसेल तर छाप.

ती उठून अभयच्या टेबलाशी गेली. "सर, हे तुम्ही लिहिलंय. आठ वर्षांपूर्वी."

अभयनं पाहिलं. "हां, ते मशीन. दहा मिनिटं कुणी वापरलं नाही की झोपून जायचं. तयार आहेस का विचारलं की जागं व्हायचं."

"मग दोन्हीकडे छाप का?"

"आधी नसेलमध्ये 'मशीन तयार नाही' असा मेसेज होता. रांगेतली माणसं भडकायची, भाई ये क्या तमाशा है. कंत्राटदार म्हणाला मेसेज काढ. काढला, तिथंही छाप लिहिलं."

"हे कुठं लिहून ठेवायचं नाही का?"

"तेव्हा सगळ्यांना माहीत होतं."

"सगळे म्हणजे?"

अभयनं जरा विचार केला. "मी."

आता फक्त एवढं उरलं होतं, की हे मंजुषा मॅडमना आज सांगायचं की नाही. टेस्ट हिरव्या होत्या. कुणाला शंका नव्हती. पत्र उद्या मिळणार होतं, आणि टोकन अडकलं असतं ते सोमवारी पहिल्या शिफ्टला, अभयच्या कोडमध्ये. अभय तिच्याकडे बघत होता. त्यालाही हे कळलं असावं. विशाखानं यादीचा कागद छापून घेतला, नऊ ओळींवर खुणा केल्या आणि केबिनचं दार लोटलं.

मंजुषा मॅडमनी कागद दोनदा वाचला. "टेस्टमध्ये का नाही सापडलं?"

"टेस्टमधलं मशीन खोटं आहे मॅडम. ते झोपत नाही."

"अकरा कारखान्यांना उद्याची वेळ दिलीय मी."

"हो."

"फोन मी करणार नाही. तुम्ही कराल, सगळ्यांना. तुमच्या तोंडानं, की आमची चूक सापडली, आठ दिवस लागतील."

"करते."

"आणि ते आपोआप काढणं बंद. नियम फक्त दाखवेल. काढायचं की नाही ते माणूस वाचून ठरवेल."

"मॅडम, जिथं नुसती तपासणी आहे तिथं तरी राहू द्या. ते बरोबर आहे. मी सिद्ध करून दाखवते."

"नको."

विशाखा उभीच राहिली. मग तिनं सरळ विचारलं, "माझं काय?"

"तुमचं काय?"

"कायम करणार का नाही?"

मंजुषा मॅडमनी कागदाची घडी घातली. "आज सांगितलं नसतं तर उद्या केलंच असतं, आणि सोमवारी पस्तावले असते. पत्र उद्याच मिळेल. जा, आधी फोन करा."

अकरा फोनांना दीड तास गेला. दोघे चिडले, एकानं झापलं, एकानं तिचं म्हणणं अर्धवटच ऐकून 'चालेल चालेल' म्हटलं. बाकीच्यांना त्यात फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग तिनं आपोआप काढण्याचा भाग उघडला. चारशे बारा ओळी. सगळ्या एकदा शांतपणे वाचल्या. मधे एक नाव नीट नव्हतं ठेवलेलं, ते बदललं, आणि मग सगळ्याच ओळी पुसल्या. उडालेले अडतीस इफ जुन्या जागी परत आणून बसवले. ज्या इफमधला प्रश्न स्वतःच काही काम करतो तो सोडून द्यायचा, एवढी भर नियमात घातली. पुन्हा चालवला. एकोणतीस.

त्यातले बावीस अभयचे होते. यादी त्याच्या पडद्यावर गेली तसा तो खुर्ची फिरवून म्हणाला, "ताई, हे सगळे वाचायचे? आजच?"

"आजच," विशाखा म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.