तीन नोंदींची एकच बाई

मला डॉक्टर होऊन वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ रुग्णांपेक्षा संगणकासमोर जास्त गेली. गोंदियातले ओळखीचे लोक अजून विचारतात, "मॅडम, प्रॅक्टिस छोड दी क्या?" खेड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांच्या वह्या संगणकावर आणायच्या आणि एका माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडायच्या, हे माझं काम.

जोडणी प्रोग्राम करतो. नाव, वय, गाव जुळलं की माणूस एकच, असं तो धरतो. त्याने काढलेली यादी तपासायला मी दरेकशाजवळच्या एका उपकेंद्रात गेले. तिथल्या नर्सबाई पंचवीस वर्षं त्याच डोंगरात घरोघर फिरलेल्या. व्हरांड्यात बसून त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या दोघी अलग आहेत जी. नाव एक, वय एक, नवऱ्याचं नावबी एक. पण एक तळ्याजवळ राहते, दुसरी शाळेच्या मागं."

मी खूण केली. पुढच्या पानावर प्रोग्रामने वेगळ्या धरलेल्या बायका होत्या. तिथे त्यांनी तीन नावं दाखवली.

"आन् ह्या तीन नाहीत. ही एकच पोरगी आहे. हे माहेरचं नाव, हे सासरचं, आन् हे घरचं लाडाचं. एका दवाखान्यात तेच लिवलं."

मी लॅपटॉपवर तिन्ही नोंदी एकाखाली एक लावल्या. लहानपणी हातपाय दुखणं, कावीळ. लग्नानंतर रक्त कमी. बाळंतपणात छातीत दुखून दोनदा भरती. प्रत्येक ठिकाणी लोहाच्या गोळ्या. त्यातली एक नोंद माझ्याच हातची होती, मी तालुक्याला ओपीडी पाहायची तेव्हाची. सुट्या नोंदींत मलाही काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. हा सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असणार होता.

तिला निरोप धाडला. धानाच्या रोवणीवरून ती चिखलाच्या पायांनीच आली. रक्त घेतलं, आठवड्याने पक्का रिपोर्ट आला. आजार जन्मापासूनचा आहे, रोज गोळी घेतली तर दुखणं कमी होईल, असं मी तिला समजावलं. ती नर्सबाईंकडे वळून म्हणाली, "मले वाटे, मीच कामचोर आहो. सासूबी तेच म्हणे."

त्यानंतर वर्षभरात ती एकदाही भरती झाली नाही.

प्रोग्राम मी बदलला. नर्सने हो म्हटल्याशिवाय आता दोन नोंदी जुळत नाहीत. मागच्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "मी पुढल्या साली रिटायर होऊन राहिली. इचारायचं ते आताच इचारा."

मी तिथेच मुक्काम केला. टोल्याटोल्याने, म्हणजे एकेका वस्तीने, मग घराघराने त्या सांगत गेल्या: कोण कुठून आली, कोणत्या नावाने. वही एकदाही उघडली नाही. टाइप करता करता माझे हात थांबत आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत राही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचं अर्धंच गाव झालं होतं.