दोन शिरूर आणि उलट्या उताराची नाली

मुखेडच्या बसस्थानकावर आई मला सोडायला आली होती. गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना तिने खिडकीतूनच सांगून टाकलं, "लेक इंजिनिअर हाय माझी. झाडांची."

"झाडांची नाही आई, सांडपाण्याची!"

अख्ख्या गाडीने वळून पाहिलं. आई म्हणाली, "तेच ते," आणि शेजारच्या बाई खिडकीकडे जरा सरकून बसल्या.

खरं सांगायचं तर पर्यावरण अभियांत्रिकीत मी काही ओढीने आले नव्हते. दहावीनंतर नांदेडला तंत्रनिकेतनात सिव्हिल घेतलं, कारण तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली. पुढे पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प वाटले गेले. मुलांनी पूल घेतले, इमारती घेतल्या. उरलं ते नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं काम. 'मॅडम करतील' म्हणून ते माझ्याकडे ढकललं. मी रडत रडत बाटल्या भरल्या. पण तेच काळं पाणी टाक्यांतून फिरत शेवटी निवळशंख बाहेर पडताना पाहिलं, आणि मला पुलांचा हेवा वाटेनासा झाला. त्यातच पुढचं शिक्षण केलं. मग दोन वर्षं नुसते अर्ज. शेवटी लातूरच्या एका सल्लागार कार्यालयात सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी लागली. काम बरं वाटलं तर पुढे ठेवणार होते. हा पाचवा महिना होता.

साहेबांचा फोन आदल्या दिवशी आला होता. "उद्या परस्पर शिरूरला जा. जवळच्या गावात नवी नाली झालीय. बघायची, काम नीट झाल्याच्या दाखल्यावर सही करायची आणि लातूरला यायचं."

मुखेडहून लातूरला जाताना वाटेत शिरूर ताजबंद लागतं. मी तिथे उतरले. गाड्यावर सुशीला (मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार) खाल्ला आणि न्यायला येणाऱ्या माणसाची तासभर वाट पाहिली. कोणी येईना, तेव्हा साहेबांना फोन लावला.

"अहो, शिरूर अनंतपाळ! ताजबंद कोण म्हणालं?"

"तुम्ही नुसतं शिरूर म्हणालात, सर."

"एवढं कळायला पाहिजे, मॅडम."

मग चाकूर, तिथून नळेगाव, तिथून शिरूर अनंतपाळ अशा तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या गाडीच्या कंडक्टरला हकिगत सांगितली तर तो हसला. "रोज एखादा चुकतोच. शिकल्यालेच लई चुकतात." दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आला होता, तूर वाळत होती, काळ्या रानावर छान ऊन पडलं होतं. मला त्यातलं काहीही बघायचं नव्हतं.

तिथून न्यायला आलेल्या माणसाच्या मोटारसायकलवरून गावात पोचले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ग्रामसेवक ग्रामपंचायतीच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं. "सर मागून येऊन राहिलेत का?"

"सर नाहीत. मीच आहे."

"न्हाई म्हणजे, सही कोण करणार?"

"मीच."

"बरं. मग चहा घ्या आन् इथंच करा. कशाला उन्हात फिरता?"

मी उन्हात फिरले. नाली दिसायला झकास होती, सिमेंट गुळगुळीत, कडा सरळ. वरच्या गल्लीतून निघून खालच्या वस्तीजवळून ती गावाबाहेरच्या खड्ड्यात जात होती. वस्तीशी आले तर पाणी जागेवरच साचलेलं, आणि पाच पावलांवर बोअर. तिथे चंद्रकलाबाई नावाच्या एक बाई भांडी घासत होत्या.

"ओ बाई, ही नाली कुणासाठी बांधली? वरल्या आळीची घाण माझ्या दारात येऊन थांबतीया. बोअरचं पाणी वास मारून राहिलंय. पोरगी दोनदा सलाईनवर गेली."

"ह्यांचं रोजचंच हाय," ग्रामसेवक म्हणाले. "तुम्ही लक्ष नका देऊ."

मी गवंड्याची लेव्हलची नळी मागवली. पाणी भरलेल्या त्या पारदर्शक नळीचं एक टोक चंद्रकलाबाईंनी धरलं, एक मी. खड्ड्याकडची बाजू खोल असायला हवी होती. ती वीतभर वर निघाली.

"नळीत हवा शिरली असंल," ग्रामसेवक म्हणाले.

दुसऱ्यांदा मोजलं. तेच. ग्रामसेवकांचं पुन्हा 'हवा'! मी कपाळाला हात लावला. तेव्हा चंद्रकलाबाई म्हणाल्या, "विलेक्शनचा गुलाल हाय की पंचायतीत, पोतंभर. ओता की पाण्यात."

वस्तीच्या पुढे, खड्ड्याच्या वाटेवर आम्ही गुलालाच्या चार बादल्या ओतल्या. तोवर निम्मं गाव जमलं होतं. लाल पाणी क्षणभर घुटमळलं आणि आरामात मागे वळलं. ते चंद्रकलाबाईंच्या दारात आलं, तिथून काठावरून उतरलं आणि बोअरच्या ओट्याभोवती जाऊन बसलं.

मग ग्रामसेवक म्हणाले, "गुलाल जड असतोय, मॅडम."

"मी सही करत नाही," मी म्हणाले. त्यांनी साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"अश्विनी, वीतभराने काय बिघडतं?"

"वीतभराने गटार बोअरमध्ये जातं, सर."

"तुमचा महिनाच उरलाय. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. मी दाखल्यावर लिहिलं, 'उतार उलटा आहे. नाली फोडून पुन्हा बांधावी. तोवर या बोअरचं पाणी पिऊ नये.' खाली सही केली. तसंच दुसऱ्या कागदावर लिहून, माझा फोन नंबर टाकून, तो चंद्रकलाबाईंना दिला. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) होतं. पाणी मळ्यातल्या विहिरीचं होतं, डोक्यावरून आणलेलं. म्हणून मी अर्धाच पेला घेतला.

लातूरला साहेबांनी दाखला वाचला, फाईल बाजूला सारली. "सगळ्यांच्या सह्या होतात. तुमचीच तेवढी अडते." त्यानंतर मला गावांना पाठवलं नाही. उरलेले दिवस मी कपाटातले जुने नकाशे लावत बसले. महिना संपला. मुदत वाढली नाही.

मुखेडला परतणाऱ्या गाडीत मी वैतागलेली होते. साहेबांवर, ग्रामसेवकांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की एक सही केली असती तर काय झालं असतं. चाकूर मागे पडलं आणि फोन वाजला. पलीकडून घणांचे आवाज येत होते.

"बाई, चंद्रकला बोलतीया. नाली फोडून राहिलेत! कागद घेऊन आम्ही बाया तालुक्याला गेलो व्हतो. आज तिथलं सर आलेत. इचारलं, हे कुणी लिहिलंय? म्हणलं, आमच्या इंजिनिअरनं."

"उतार नीट धरायला सांगा," मी म्हणाले.

"मीच हुबी हाय की नळी धरून."

फोन ठेवला. पिशवीत एका नव्या नोकरीचा अर्ज होता. सकाळीच भरलेला, फक्त अनुभवाचा रकाना मोकळा सोडलेला, कारण लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी पेन काढला. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, अक्षरं वाकडी येत होती. मी त्या गावाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'नाली तपासली. नाकारली.'